पंचवटीत देवदर्शन: काय करावं आणि ते का करतात

पंचवटीत उतरलात की रिक्षावाले दोन तासांत दहा-बारा ठिकाणं दाखवायला तयार असतात. त्या फंदात पडू नका. रामकुंड, कपालेश्वर आणि काळाराम एवढी तीनच ठिकाणं सकाळी पायी करा. सोमवार, एकादशी आणि श्रावण टाळला तर गर्दी कमी लागते.

१. तयारी. आंघोळ करून, अंगभर साधे कपडे घालून निघा. चपला सहज काढता येतील अशा असाव्यात. फुलं दारातच मिळतात, पण देव पाहून घ्या: शंकराला बेल, विष्णूला आणि रामाला तुळस, गणपतीला दूर्वा. बेलाचं त्रिदळ पिंडीवर पालथं वाहतात. या वाटणीलाही एक अपवाद आहे. वैकुंठ चतुर्दशीला हरी आणि हर भेटतात, म्हणून त्या दिवशी विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहतात.

२. आधी गंगेवर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडावर हातपाय धुवा आणि पाणी डोळ्यांना लावा, एवढं पुरे. वनवासात राम इथे स्नान करत असे, अशी श्रद्धा आहे. इथेच अस्थिविसर्जन आणि दहाव्याचे विधीही चालतात. कुणाच्या तरी घरचं दुःख तिथे मांडलेलं असतं, तेव्हा मोबाइल खिशातच राहू द्या. जवळच दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून गावात पुराचा अंदाज बांधतात.

३. कपालेश्वर. कुंडासमोरच्या पायऱ्या चढलात की शंकराचं देऊळ. एरवी शिवमंदिरात पिंडीसमोर नंदी असतो आणि त्याच्या शिंगांमधून दर्शन घेतात. इथे नंदी शोधू नका, तो नाहीच. कथा अशी: ब्रह्मदेवाचं पाचवं तोंड निंदा करू लागलं, तेव्हा शंकरानं ते छाटलं आणि ब्रह्महत्येचं पातक माथी आलं. ते कशानं फिटेना. एका वासरानं आपल्या धन्याला मारलं होतं आणि त्या पापानं ते काळं पडलं होतं. गोदावरीत बुडी मारताच ते पुन्हा पांढरं झालं. शंकर त्याच्या मागोमाग आला, त्यानंही स्नान केलं आणि तो मुक्त झाला. ते वासरू म्हणजे नंदी. ज्यानं वाट दाखवली तो गुरू, आणि गुरूला समोर बसवून कसं चालेल? देवालाही पाप लागतं, ते फेडावं लागतं आणि त्यासाठी वासराचंही ऐकावं लागतं, हे सगळं या रिकाम्या जागेत आहे. मला तरी नाशिकमधली ही सगळ्यात बोलकी जागा वाटते.

प्रदक्षिणा घालताना एक लक्षात ठेवा. पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं ती पन्हाळ ओलांडायची नाही. डावीकडून निघून तिच्यापर्यंत जायचं आणि तसंच मागे फिरायचं. चुकलात तर कुणीतरी आजी हटकतीलच, वाईट वाटून घेऊ नका.

४. काळाराम. पेशवाईत सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं हे काळ्या पाषाणाचं देऊळ. मूर्तीही काळी, म्हणून काळाराम. समोर वेगळ्या सभामंडपात मारुती रामाकडे तोंड करून उभा आहे. आधी त्याला नमस्कार करा. मग घंटा वाजवा, एकदाच आणि हलक्या हातानं. घंटानादानं देवांचं आगमन होतं आणि राक्षस पळतात, असं पूजेच्या श्लोकात म्हटलंय. उंबरठ्यावर पाय देऊ नका, हात लावून तो ओलांडा. गाभाऱ्यासमोर डोळे मिटायची घाई नको. दर्शन म्हणजे आपण देवाला पाहायचं आणि देवानं आपल्याला. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर मूर्ती जागी होते अशी श्रद्धा आहे, म्हणून तिला उठवतात, न्हाऊ घालतात, जेवू घालतात आणि निजवतात. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचा सगळा क्रम यातूनच आला. इथे प्रदक्षिणा पूर्ण घालायची, देव उजव्या हाताला ठेवून.

बाहेर पडताना दाराशी थोडं थांबा. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यातले बिनीचे कार्यकर्ते. लढा काही वर्षं चालला, पण दार काही उघडलं नाही. 1935 च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. रामाची गोष्ट सांगणाऱ्यानं ही गोष्ट गाळली, तर देऊळ अर्धंच दाखवलं म्हणायचं.

५. तीर्थ-प्रसाद. उजव्या हाताचा तळवा खोलगट करून तीर्थ घ्या, प्या आणि ओला हात डोक्यावरून फिरवा. प्रसाद खाली सांडू नका, उरला तर घरी न्या. दक्षिणा ऐच्छिक असते. कुणी आकडा सांगून अडवलं तर हात जोडून पुढे निघा. मग सभामंडपात दोन मिनिटं टेका, देवळातून न बसता निघू नये असा रिवाज आहे.

त्र्यंबकेश्वर त्याच दिवशी उरकू नका. ते साधारण तीस किलोमीटरवर आहे आणि रांगेतच अर्धा दिवस जाऊ शकतो. चैत्रात येणार असाल तर रामनवमीनंतरची कामदा एकादशी गाठा. त्या दिवशी रामरथ आणि गरुडरथ निघतात, त्यामुळे पंचवटीत गाडी आणायचा विचार करू नका.