तीन पत्तीवाल्यांसाठी पोकर

तीन पत्ती येते म्हणजे पोकर आलाच, असं धरून बसणाऱ्या माझ्या भाच्यांना मी आधी एकच गोष्ट शिकवते: पानं टाकून द्यायची. ब्लाइंड चाल (पानं न बघता लावलेली) रेटत राहायची सवय इथे महागात पडते.

मी टेक्सस होल्डेम शिकवते. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे पाच उघडी, ती सगळ्यांची सामाईक. आधी तीन उघडतात (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). बोली चार वेळा लागते. सातांतली सर्वांत चांगली पाच पानं तुमची.

क्रम चढता असा: जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स (ओळीने पाच पानं), कलर (पाचही एकाच चिन्हाची, म्हणजे सगळी इस्पिक वगैरे), फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), चार सारखी, प्युअर सिक्वेन्स (ओळीने आणि एकाच चिन्हाची). तीन पत्तीवाले हटकून अडतात ते इथे, कारण पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. तीन पानांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १०९६ प्रकारे जमतात. पाच पानांत कलर ५१०८, तर सिक्वेन्स १०२००. दुर्मीळ ते मोठं, बस्स.

सुरुवातीला मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी एवढ्यावरच खेळा. बाकी पानं खुशाल टाका. वाटणाऱ्याच्या जागी असाल तर थोडी सैल पानंही चालतात, कारण फ्लॉपनंतर तुमची पाळी शेवटी येते आणि बाकीचे काय करतात ते आधी दिसतं.

आता हिशेब. हा न करता कॉल करणारा (समोरच्याने लावले तेवढेच घालून खेळत राहणारा) माणूस मला बघवत नाही. समजा हातात इस्पिकची नव्वी-अठ्ठी आहे. मधे इस्पिकचा राजा, इस्पिकची तिर्री, चौकटचा एक्का, किलवरची चौकी. एक पान उघडायचं बाकी. कलरला एक इस्पिक हवं. न दिसलेली पानं ४६, त्यांत इस्पिक ९, म्हणजे साधारण २० टक्के. मधे ६० चिंचोके आहेत आणि समोरच्याने ३० लावले. तुम्ही ३० घालून एकूण १२० साठी खेळताय, म्हणजे २५ टक्के शक्यता तरी हवी. पानं टाका. त्याने १० च लावले असते, तर ८० मधले १० तुमचे, साडेबारा टक्के पुरले असते. मग बिनधास्त कॉल करा.

तोंडी हिशेबाला सोपी रीत: हवी ती पानं मोजा, एक पान बाकी असेल तर दोनाने गुणा, फ्लॉपनंतर दोन्ही बाकी असतील तर चाराने. टक्के जवळपास बरोबर येतात.

ब्लफ करायचाच तर समोर एकच जण असताना, आणि तोही पानं टाकणारा असेल तरच. जो प्रत्येक वेळी ‘बघूया’ म्हणतो, त्याच्यापुढे कधीच नको.

पैसे लावू नका. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आहे. चिंचोके मात्र प्रत्येकाला मोजून द्या आणि संपले की पुन्हा देऊ नका. फुकट मिळत राहिले की कुणी पानं टाकतच नाही.