आमोसचे पहिले दोन अध्याय कसे वाचायचे, अंगणात दगड मांडून

आमच्या गावात प्रार्थनेला बसलं की कोणीतरी मोबाईलवर सिरियाची बातमी दाखवतं आन म्हणतं, बघा, दिमिष्काचं (म्हणजे दमास्कसचं) बायबलातल्या आमोस संदेष्ट्यानं आधीच लिहून ठेवलंय. अरे बाबा, दिमिष्क इ.स.पू. ७३२ मध्येच अश्शूरच्या राजानं, तिग्लथ-पिलेसरनं घेतलं, लोकं कीर नावाच्या मुलखात नेले, २ राजे १६:९ काढून पाहा. आमोस बोलला त्याच्या तीसेक वर्षांत झालं ते.

तर आधी माणूस समजून घ्या. मेंढरंवाला, उंबराच्या फळांचं काम करणारा, म्हणजे आपल्यासारखाच, गाव तकोवा, यरुशलेमच्या दक्षिणेला. ते यहूदात येतं. आन तो बोलायला गेला वरच्या इस्राएल राज्यात, दुसऱ्या यराबाम राजाच्या काळात, जेव्हा तिथं पैसा खेळत होता. राज्यं दोन होती, वर इस्राएल आन खाली यहूदा, हे डोक्यात ठेवा, इथंच सगळे गोंधळतात.

आता अंगणात मधोमध एक दगड ठेवा, तो इस्राएल. मग वाचत जा आन नाव आलं की दगड ठेवा. दिमिष्क वर उजवीकडं, गज्जा खाली डावीकडं, सोर वर डावीकडं, अदोम खाली उजवीकडं, अम्मोन आन मवाब उजव्या अंगाला, शेवटी यहूदा खाली. फास आवळत येतो ते डोळ्यानं दिसतं. मी हे केलं तेव्हा आजी बाजेवर बसून प्रत्येक दगडाला “बरं झालं त्याहीचं” म्हणत होती, तिथं ऐकणारे लोकंही असेच खूश होत असतील.

“तीन काय, चार अपराधांमुळे” हे दरवेळी येतं, पण चार मोजत बसू नका, बहुतेक ठिकाणी एकच सांगितलाय, बोलायची पद्धत आहे ती, म्हणजे आता भरलं माप. तो एक अपराध मात्र नीट वाचा. दिमिष्कानं गिलादला, म्हणजे इस्राएलच्या पूर्वेकडच्या मुलखाला, लोखंडी दात्यांच्या मळणीच्या यंत्रानं मळलं म्हणे. ज्यानं खळ्यावर बैलांची पात फिरताना पाहिलीय त्याच्या पोटात गोळा येते, पेंढ्यांच्या जागी माणसं. आन मवाबवर आरोप काय, तर अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला. अदोम इस्राएलचा दुश्मनच, तरी देव त्याची बाजू घेतो, हे सुटलं तर अर्धी गोष्ट सुटली.

सात ठिकाणी शिक्षा म्हणून आग येते. आठव्याला, इस्राएलला, आगच नाही, उलट यादी लांब होते: गरिबाला जोड्याच्या जोडासाठी विकलं, गहाण घेतलेल्या कपड्यावर वेदीजवळ लोळले. मोशेच्या नियमशास्त्रात तर गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत करा असं आहे. आपल्याकडं सावकारी काय असते ते सांगायला नको. इथं आजी गप्प झाली, मग म्हणे, “हे तं घरातलंच निघालं ना बाप्पा.”

मग २:१३ वाचा, देव इस्राएलला दडपणार, पेंढ्यांनी ठासून भरलेल्या गाडीसारखं. सोयाबीनची भरलेली बंडी ओल्या रानात आखापर्यंत रुतलेली आठवा. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोन पडलं.

पुढच्या बैठकीला सातवा अध्याय घ्या, इस्राएलातल्या बेथेलचा याजक अमस्या आमोसले म्हणतो, पळ यहूदात, तिथं भाकर खा.