अर्धशिशीच्या दाव्याचे अपील: माझा अनुभव

अमेरिकी सैन्यातून सेवामुक्त झाल्यावर माझी अर्धशिशी सेवेशी संबंधित असल्याचे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने (VA) मान्य केले खरे, पण अपंगत्वाची टक्केवारी ठरली शून्य, म्हणजे भत्ता काहीच नाही. नियम वाचल्यावर उलगडा झाला: 8100 या निदान-क्रमांकाखाली वेदनेच्या तीव्रतेपेक्षा झटका माणसाला किती वेळा अंथरुणाला खिळवतो, हे पाहिले जाते. गेल्या काही महिन्यांत असा झटका सरासरी दोन महिन्यांतून एकदा आल्यास 10, महिन्यातून एकदा आल्यास 30 आणि अतिशय वारंवार, प्रदीर्घ झटक्यांमुळे कमाईवरच गदा येत असल्यास 50 टक्के. माझ्या कागदपत्रांत मात्र ‘डोकेदुखी, गोळ्या दिल्या’ एवढाच शेरा होता.

वरिष्ठ फेरतपासणीत, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच कागदपत्रांवर केलेल्या फेरविचारात, नवा पुरावा चालत नाही, म्हणून मी नव्या पुराव्यासह पूरक दावा केला; भत्ता मूळ दाव्याच्या तारखेपासूनच धरला जावा यासाठी तो निकालापासून वर्षाच्या आत केला. सोबत रोजनिशी जोडली, जिच्यात ‘दुपारी 2 ते रात्री 9, पडदे ओढून अंधारात, दोनदा उलटी, रजा’ अशा कोरड्या नोंदी होत्या. कामावरील रजेचा तक्ता आणि पत्नीचे लेखी निवेदनही दिले. त्या निवेदनाचे वजन माझ्या मते डॉक्टरांच्या चिठ्ठीहून कमी नव्हते. त्यावर 30 टक्के मंजूर झाले आणि फरकाची रक्कम मूळ दाव्यापासून मिळाली.