काचेतले ब्लाइंड्स: कोणत्या खिडकीला पैसे घालावेत, कोणत्या नाही

दोन काचांच्या मध्ये ब्लाइंड्स असलेली खिडकी घ्यायची की नाही, हे ठरवायला आधी एकच गोष्ट बघा: ती खिडकी दिवसातून किती वेळ बंद असते? ब्लाइंड्स शटरमध्येच, म्हणजे खिडकीच्या सरकत्या भागातच असतात, त्यामुळे शटर सरकवलं की तेही सोबत सरकतात. पुण्यात उन्हाळ्यातही दिवेलागणीला वाऱ्यासाठी हॉलची खिडकी उघडायची सवय असते, आणि उघडलेल्या अर्ध्या भागातून समोरच्या इमारतीला सगळा हॉल दिसतो. तिथे वेगळा पडदा लावावाच लागतो, मग दुहेरी खर्च कशाला?

पैसे वसूल होतात ते न उघडणारी काच, एसी असलेली पश्चिमेची बेडरूम आणि धुळीच्या रस्त्यावरची खिडकी या ठिकाणी. पट्ट्या पुसाव्या लागत नाहीत, हा याचा सगळ्यात मोठा फायदा.

उन्हाचं गणित दिशेप्रमाणे बदलतं. मेच्या मध्याला पुण्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन फारसं शिरतच नाही. तिथे ते हिवाळ्यात येतं, आणि तेव्हा ते हवंसं असतं. त्रास पश्चिमेचा. चारनंतर सूर्य खाली उतरला की छज्जा कामाचा राहत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवणं सगळ्यात चांगलं, म्हणून बाल्कनी असेल तर बांबूची चिक स्वस्त आणि जास्त परिणामकारक. काचेतले ब्लाइंड्स त्याच्या खालोखाल, खोलीतला पडदा शेवटी. नुसत्या पारदर्शक दुहेरी काचेने मात्र थेट ऊन फारसं अडत नाही. पट्ट्या पांढऱ्या किंवा फिकट घ्या. गडद पट्ट्या ऊन शोषतात, मधली पोकळी तापते. म्हणूनच दोन्ही काचा टफन्ड, म्हणजे तापून सहज न तडकणाऱ्या कणखर काचा हव्यात.

आता चौकट. ५ मिमीच्या दोन काचा आणि २० मिमी पोकळी धरून जाडी ३० मिमी होते. एकेरी ५-६ मिमी काचेसाठी केलेल्या जुन्या ॲल्युमिनियम स्लायडिंगमध्ये ही काच बसत नाही. अख्खी खिडकी बदलावी लागते, आणि खरा खर्च तिथेच आहे. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीला अडीच किलो. म्हणजे २ बाय ४ फुटांच्या एका शटरमध्ये नुसती काचच साडेअठरा किलोच्या आसपास. एवढं वजन पेलणारे रोलर आहेत का, हे फॅब्रिकेटरकडून लिहून घ्या. जाळीच्या शटरसाठी वेगळा ट्रॅक मागा. सोसायटीची परवानगीही आधीच घ्या.

टफन्ड काच नंतर कापता येत नाही. म्हणून माप चौकट बसल्यावरच द्या: रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, त्यातलं सगळ्यात लहान माप धरा. दोन्ही कर्णही मोजा. ओळंब्यात नसलेल्या चौकटीत पट्ट्या तिरक्या लोंबतात. साडेबारा मिमीच्या पट्टीला २० मिमी पोकळीत दोन्ही बाजूंना चार मिमीपेक्षाही कमी जागा उरते. मग पट्टी काचेला घासते आणि बाहेरून ब्लाइंड्स वर-खाली करणारा चुंबकाचा सरकता दांडा सुटून खाली येतो. काच बसवण्याआधी ती उभी धरून ब्लाइंड्स दहा वेळा वर-खाली करून पाहा.

ही खिडकी बिघडते बहुधा पाण्यामुळे. काचेची कड साचलेल्या पाण्यात राहिली की सील सुटतं, ओल आत शिरते, स्पेसरमधली (दोन काचांमधल्या कडेच्या पट्टीतली) ओल शोषणारी पूड निकामी होते आणि काच आतून धुरकट होते. आतल्या बाजूने ती पुसता येत नाही. अख्खी काच बदलावी लागते. म्हणून काच प्लास्टिकच्या पॅकरवर, म्हणजे खाली ठेवलेल्या छोट्या तुकड्यांवर टेकलेली हवी, थेट चौकटीवर नको. चौकटीच्या खालची पाण्याची भोकं सिलिकॉनने किंवा रंगाने बुजलेली नसावीत. रंगारी ती हमखास बुजवतात, तेव्हा जूनच्या आधी तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओतून ते बाहेर जातं का पाहा.

काच धरणारी बीडिंग आतल्या बाजूला मागा. बाहेर सेफ्टी ग्रिल असताना बीडिंगही बाहेर असेल, तर सहाव्या मजल्यावर एक काच बदलायला आधी ग्रिल कापावी लागते. वॉरंटी सील आणि ब्लाइंड्सची यंत्रणा, दोन्हींची वेगवेगळी लेखी घ्या, आणि काढण्या-बसवण्याची मजुरी कोण देणार तेही त्यातच लिहून घ्या.