क्लाउडमधील फोल्डर थेट फाइल एक्सप्लोररमध्ये

क्लाउडवरील फोल्डर पाहण्यासाठी दर वेळी ब्राउझर उघडण्याची गरज नसते. विंडोजवर गूगल ड्राइव्हचे डेस्कटॉप अ‍ॅप बसवून खात्यात साइन इन केले, की फाइल एक्सप्लोररमध्ये एक स्वतंत्र ड्राइव्ह दिसू लागतो आणि त्यातील ‘माय ड्राइव्ह’ हे फोल्डर इतर कोणत्याही फोल्डरप्रमाणे उघडता येते.

सेटिंग्जमध्ये ‘स्ट्रीम’ आणि ‘मिरर’ असे दोन पर्याय असतात, आणि इथेच थोडे थांबून विचार करावा. स्ट्रीममध्ये फाइल उघडल्यावरच ती उतरवली जाते, त्यामुळे डिस्कवरील जागा वाचते; मिररमध्ये मात्र सर्व फाइलींची प्रत संगणकावर राहते. डिस्क लहान असेल तर माझ्या मते स्ट्रीमच निवडावा आणि इंटरनेटविना लागणाऱ्या मोजक्या फोल्डरवर राइट क्लिक करून ते ऑफलाइन उपलब्ध ठेवावेत.

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउड सेवेची रीतही अशीच आहे. फाइलशेजारी निळा ढग दिसला तर ती केवळ ऑनलाइन आहे, आणि हिरवी बरोबरची खूण दिसली तर ती संगणकावर उतरलेली आहे. लिनक्सवर नेक्स्टक्लाउडसारखी क्लाउड सेवा वेबडॅव्हचा (सर्व्हरवरील फाइली इंटरनेटवरून हाताळण्याच्या पद्धतीचा) पत्ता देऊन फाइल मॅनेजरमध्ये जोडता येते.

एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे: या फोल्डरमधून फाइल डिलीट केली, की ती क्लाउडवरून आणि जोडलेल्या इतर सर्व संगणकांवरूनही जाते. केवळ जागा मोकळी करायची असेल, तर वनड्राइव्हमध्ये राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडावे.