ईसीजी कुणाचा? बायोमेडिकल संशोधनात येऊ पाहणाऱ्या नाशिककर पोरापोरींसाठी

गणपतीच्या आसपास लास्ट इयरच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागतात आणि माझ्या फोनवर नाशिकचे नंबर दिसू लागतात. "ताई, बायोमेडिकलमध्ये काहीतरी करायचंय. एआय वापरून. ईसीजीवरून हृदयाचा आजार ओळखणारं." मी विचारते, "ईसीजी कुणाचा?" मग उत्तर येतं, "डेटासेट आहे ना ताई, नेटवर."

फोनवर या प्रश्नामागचं सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी स्वतः नाशिकमधूनच ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) केलं, पुढे बायोमेडिकलला एमटेक, आणि सध्या ईसीजी सिग्नलवर पीएचडी चालू आहे. त्यामुळे यातली उदाहरणं बहुतेक ईसीजीची असतील. ज्यांना कृत्रिम सांधे किंवा एमआरआयमध्ये रस आहे त्यांनी तेवढी सवलत द्यावी.

पहिली गोष्ट, मॉडेलच्या आधी सिग्नल बघा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी विजेची एक लाट जाते आणि मग स्नायू आकुंचन पावतो. ती लाट छातीच्या कातडीवर पोहोचते तेव्हा जेमतेम एक मिलिव्होल्टची उरते. आइंथोव्हेन या डच शास्त्रज्ञाने ती मोजायचं यंत्र बनवलं आणि त्या कामाला १९२४ चं नोबेल मिळालं. आज तुमच्या ब्रेडबोर्डवर तीच लाट पकडायची तर अडचण वेगळी आहे. घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा हम, म्हणजे विजेचा गोंगाट, तुमच्या अंगावर कायम बसलेला असतो, आणि तो या मिलिव्होल्टच्या कित्येक पट मोठा असतो. मिरवणुकीत नाशिक ढोलाच्या पथकासमोर उभं राहून कुणी तुमच्या कानात कुजबुजावं आणि ते तुम्ही लिहून घ्यावं, तसं हे काम आहे.

ते जमतं कसं? कातडीवर चिकटवलेल्या दोन इलेक्ट्रोडवर हम जवळपास सारखाच येतो, म्हणून इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर दोघांतला फरक तेवढा वाढवतो आणि सारखं असेल ते टाकून देतो. तिसरा इलेक्ट्रोड उजव्या पायाला लावून तो सामाईक हम उलटा करून शरीरात परत सोडतात, त्याने आणखी फरक पडतो. पण हे सगळं दोन्ही इलेक्ट्रोडचा कातडीशी संपर्क सारखा असेल तरच. एक नीट चिकटलाय आणि दुसरा अर्धवट, की हम परत हजर. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली जातो, सगळ्यांची कातडी पांढरी पडून फुटते, त्या दिवसांत घेतलेलं रेकॉर्डिंग आणि जूनमधलं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून पाहा. कोरड्या कातडीचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) काय करतो हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तिथे जास्त कळतं. लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसायची, हलकी घासायची. ईसीजी काढणाऱ्या सिस्टर हे रोज करतात. आपल्या व्हायवात मात्र कुणी विचारत नाही.

एडी८२३२ नावाची चिप असलेलं तयार मोड्यूल ऑनलाइन मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरे. हाताळून, दोन दुकानं फिरून घ्यायची हौस असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा. एक मात्र कडक सांगते. माणसाला जोडलेलं सर्किट बॅटरीवरच चालवायचं आणि लॅपटॉपला चार्जर लावलेला नको. वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षेचं आयईसी ६०६०१-१ हे मानक हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागाला नेहमीच्या स्थितीत फक्त १० मायक्रोअँपिअर गळती मान्य करतं. तुमचा इलेक्ट्रोड कातडीवर आहे हे खरं, पण तुमच्या मित्राचा चार्जर कुठून आणलाय हे तुम्हालाही माहीत नाही आणि त्यालाही नाही.

सिग्नल आला की सगळ्यांना तो सुंदर करायची घाई होते. फिल्टरवर फिल्टर. श्वासाबरोबर बेसलाइन वरखाली होते म्हणून हाय-पास फिल्टरची, म्हणजे हळू बदलणारा भाग गाळून टाकणाऱ्या फिल्टरची, मर्यादा वाढवत नेतात. मॉनिटरसाठी ०.५ ते ४० हर्ट्झ चालतं, निदानासाठी मात्र ०.०५ हर्ट्झपासून १५० पर्यंतचा पट्टा ठेवतात, आणि त्याला कारण आहे. हार्ट अटॅकमध्ये डॉक्टर ज्या एसटी सेगमेंटचा (ठोक्याच्या टोकदार लाटेनंतरच्या रेघेचा) उंचवटा बघतात तो हळू बदलणारा भाग असतो. जोरकस हाय-पासने तोच वाकडा होतो. म्हणजे स्क्रीनवर रेघ सरळ दिसते, आणि डॉक्टरला ज्यासाठी ईसीजी हवा होता ते गेलेलं असतं.

आता डेटासेट. तुमच्यापैकी दहातले आठ जण एमआयटी-बीआयएच ॲरिदमिया (हृदयाच्या बिघडलेल्या लयीचा) डेटाबेस उतरवणार, कारण तो फुकट आहे आणि प्रत्येक ट्यूटोरियलमध्ये आहे. चांगलाच आहे तो. अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग, ३६० हर्ट्झचं सँपलिंग, लाखाहून जास्त ठोके आणि प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांनी लावलेली खूण. पण माणसं किती? ४७. आणि कुठली? १९७५ ते १९७९ दरम्यान बोस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलात नोंदवलेली. त्यातली साधारण निम्मी रेकॉर्डिंग मुद्दाम विरळ आजार सापडावेत म्हणून निवडलेली.

इथून पुढे नीट वाचा, कारण नव्याण्णव टक्के अचूकता सांगणारे प्रोजेक्ट इथेच पडतात. सगळ्यांचे ठोके एका ढिगात टाकून, पिसून, ऐंशी टक्के ट्रेनिंगला आणि वीस टक्के टेस्टला काढले, तर एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे जातात. एका माणसाचे सलग ठोके एकमेकांसारखेच असतात. मॉडेल आजार शिकण्याऐवजी माणूस ओळखायला शिकतं. त्यात दहापैकी जवळपास नऊ ठोके नॉर्मल गटातले, त्यामुळे काहीही न शिकता डोळे मिटून 'नॉर्मल' म्हणत राहिलं तरी नव्वदीच्या आसपास अचूकता. २००४ मध्ये डी शझाल आणि सहकाऱ्यांनी पेसमेकरवाली चार रेकॉर्डिंग वगळून उरलेली २२-२२ अशी विभागली, एक माणूस सोडला तर दोन्हीकडची माणसं वेगळी ठेवून. आज कुठलाही चांगला पेपर तीच विभागणी किंवा तिच्या धर्तीची वापरतो. तशी विभागणी केल्यावर त्यांच्या पेपरातसुद्धा हृदयाच्या वरच्या कप्प्यातून उगम पावणारे बिघडलेले ठोके पकडण्याचं प्रमाण शंभरातले पंचाहत्तरच्या आसपास होतं. हा आकडा मला नव्याण्णवपेक्षा कितीतरी जास्त आवडतो. त्यावर काम करता येतं.

म्हणून पेपर हातात आला की मी आधी निकालाचं टेबल बघत नाही. माणसं किती, कुठली, आणि टेस्टमधला माणूस ट्रेनिंगमध्ये आहे का, एवढं शोधते. ते लिहिलेलंच नसेल तर पेपर बाजूला. पीटीबी-एक्सएल नावाचा जर्मनीतला मोठा संच आहे, त्यात एकवीस हजारांवर बारा-लीड (बारा कोनांतून घेतलेले) ईसीजी आहेत आणि रुग्णनिहाय दहा भाग आधीच पाडून दिलेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो घ्यावा असं मी सांगेन. आणि डीप लर्निंगच्या आधी पॅन आणि टॉम्पकिन्सचा १९८५ चा क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची टोकदार लाट, शोधण्याचा पेपर स्वतः कोडमध्ये उतरवा. बँड-पास, डेरिव्हेटिव्ह, वर्ग, सरकती बेरीज, बस. झेड८० सारख्या जुन्या, साध्या प्रोसेसरवर चालायचं ते, आणि ९९.३ टक्के ठोके बरोबर पकडायचं. तुमच्या न्यूरल नेटवर्कला हरवायला हा आजोबा पुरेसा आहे.

'कुणाचा' हा प्रश्न किती महागात जातो याचं अलीकडचं ठळक उदाहरण पल्स ऑक्सिमीटरचं. कोविडमध्ये आपल्या प्रत्येक घरात ते चिमटं आलं. बोटातून ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा, नाडीबरोबर बदलणारा भाग वेगळा काढायचा आणि दोघांच्या गुणोत्तरावरून ऑक्सिजन सांगायचा. हे गुणोत्तर आणि ऑक्सिजन यांचा संबंध निरोगी स्वयंसेवकांवर मोजून बसवलेला असतो. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या संस्थेच्या) २०१३ च्या सूचनांत चाचणीसाठी दहा माणसं पुरत होती आणि त्यात किमान दोन किंवा पंधरा टक्के गडद वर्णाची, यातलं जे जास्त असेल ते. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने नव्या सूचनांचा मसुदा काढला, त्यात ही संख्या खूप वाढवली आहे.

आता नाशिकमध्ये बसून विचार करा. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत भर उन्हात छाटणी करणाऱ्या बाईचं बोट, जाड झालेली कातडी, थंडीत आखडलेल्या रक्तवाहिन्या. थंड बोटात नाडीचा सिग्नल लहान होतो, यंत्र भरकटतं. हे सगळं मोजण्यासारखं आहे, आणि त्याला कोट्यवधींची लॅब लागत नाही. नाशिकचेच रमेश रासकर एमआयटी मीडिया लॅबमध्ये काम करतात. त्यांच्या गटाने २०१० मध्ये फोनच्या स्क्रीनवर भिंग लावून चष्म्याचा नंबर काढणारं नेत्रा दाखवलं, आणि २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने इथे कुंभथॉन हे नव्या कल्पनांवर काम करणारं शिबिर भरवलं. मोठ्या माणसाचं नाव घेऊन प्रेरणा द्यायचा माझा हेतू नाही, पोरं त्याला कंटाळली आहेत. नेत्राची किंमत भिंगाची होती, एवढं लक्षात घ्या.

बातम्यांमधलं संशोधन वाचावं, पण संख्येकडे बघत. ऑगस्ट २०२३ मध्ये नेचरमध्ये दोन पेपर एकाच वेळी आले, मेंदूतल्या सिग्नलवरून बोलणं उलगडणारे, मिनिटाला ६२ आणि ७८ शब्द. थक्क करणारं काम. दोन्हींत रुग्ण एकेकच होता. एप्रिल २०२५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा साडेतीन मिलिमीटर लांबीचा, प्रकाशाने चालणारा आणि काम झाल्यावर शरीरात विरघळणारा पेसमेकर आला. तो प्राण्यांवर आणि मृत दात्यांच्या हृदयांवर तपासलेला आहे, पेशंटवर अजून नाही. फॉरवर्ड करताना तेवढं शेवटचं वाक्य सोबत जाऊ द्या.

हॉस्पिटलात जायचं कसं, हा खरा अवघड भाग. आपल्या गावात एक गंमत आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच, म्हसरूळला, आणि इंजिनिअरिंगच्या बहुतेक पोरांची मार्कशीट पुण्याच्या विद्यापीठाची. शहर एक, पण डॉक्टर होणारे आणि इंजिनिअर होणारे एकमेकांना भेटतात ते कॉलेज रोडवर चहाला. तो चहा कामाला लावा. हॉस्पिटलच्या अधीक्षकांकडे थेट "आम्हाला डेटा द्या" असं पत्र घेऊन गेलात तर कुणी दारात उभं करणार नाही, आणि करूही नये. त्याऐवजी तिथल्या बायोमेडिकल विभागात, उपकरणं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे जा. एका आयसीयूमधल्या सिस्टरांनी मला सांगितलेलं वाक्य अजून माझ्या थिसिसच्या फाइलवर लिहिलेलं आहे: "अगं, आजार ओळखणारं यंत्र नको, उगाच न बोंबलणारं दे." खोट्या अलार्मांनी कंटाळून माणसं खऱ्या अलार्मकडेही दुर्लक्ष करतात, हा जगभर अभ्यासलेला विषय आहे, आणि माझा विषय तिथून निघाला.

माणसांवर काहीही मोजून ते छापायचं असेल तर आधी एथिक्स कमिटीची मंजुरी. वर्गमित्रांचे ईसीजी असले तरी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेवा, लांबलचक आहेत, संमतीपत्राचा भाग तरी वाचाच. कमिटीच्या बैठका रोज होत नाहीत, म्हणून विषय ठरला की लगेच अर्ज करा.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात. गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. ईएनटीसीवाल्यांना इलेक्ट्रॉनिक्सचाच पेपर सोपा जातो, पण कोणत्या विभागाला कोणता पेपर चालतो ते आधी बघा. गेटवर एमटेकला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. पीएचडीची जेआरएफ ही फेलोशिप जानेवारी २०२३ पासून ३७,००० आहे, दोन वर्षांनी ४२,०००. आयआयटी मुंबईचं बीईटीआयसी डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसवून उपकरणं बनवतं. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली हृदयाची झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली. त्या झडपेची कहाणी मुलाखतीला जाण्याआधी वाचा, साहित्य बदलत बदलत ते कुठवर गेले ते कळेल.

नोकऱ्या? संशोधनाच्या कमी, विक्री आणि सर्व्हिसच्या जास्त, हे लपवत नाही. पण २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आल्यापासून उपकरणांची अ, ब, क, ड अशी जोखमीनुसार वर्गवारी झाली. अ आणि ब वर्गाला ऑक्टोबर २०२२ पासून (अ मधली निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी उपकरणं सोडून), क आणि ड ला ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे. त्यामुळे चाचणी आणि कागदपत्रं समजणारा इंजिनिअर कंपन्यांना लागतो. सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअरवर काम केलेली मुलं इथे स्वतःला कमी समजतात. इन्सुलेशन, दोन ट्रॅकमधलं अंतर, ईएमआय (एका उपकरणाचा दुसऱ्याला होणारा विद्युतचुंबकीय त्रास), हे सगळं मेडिकल उपकरणात जसंच्या तसं लागतं. सीव्हीमध्ये ते खाली ढकलू नका, वर आणा.

पैसे घेऊन चार दिवसांत पेपर छापणारी जर्नलं तुम्हाला मेल करतील, "आदरणीय प्राध्यापक" म्हणून. तुम्ही लास्ट इयरला आहात, एवढं आठवलं तरी पुरे.

तुम्ही ज्यांना मेल करणार ते प्राध्यापक मात्र वेगळे. त्यांना 'रिस्पेक्टेड सर' पासून सुरू होणारा दोन पानी मेल नको. त्यांचा एक पेपर वाचा, त्यातली एक आकृती स्वतः काढून बघा, जमली नाही तर कुठे अडलं ते चार ओळींत लिहा आणि तुमचा ग्राफ हम न लपवता जोडा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तरी नाही आलं, तर यादीतलं पुढचं नाव.