क्रूझवर मुलांना मोकळीक देताय? या चुका टाळा

जहाजाने धक्का सोडून तास-दीड तास झाला की व्हॉट्सअॅपवरचा मेसेज एका टिकवर अडकतो. नागपूरहून निघताना मुलीला एकच सूचना दिलेली असते, "फोन जवळ ठेव, काही लागलं तर लगेच कॉल कर," आणि नेमकी तीच आता कामाची राहत नाही. आई अकराव्या डेकवर शोधतेय, बाबा पाचव्या डेकवर, आणि चौदा वर्षांची लेक तिसरीकडेच निवांत टेबल टेनिस खेळतेय. आपल्याला कोणी शोधतंय हे तिला ठाऊकही नसतं. तिची काहीच चूक नसते, तरी दुसऱ्या दिवसापासून तिचं एकटीनं फिरणं बंद होतं.

किशोरवयीन मुलांना एकटं वावरायला शिकवण्यासाठी क्रूझ खरोखर चांगली जागा आहे. रस्ता नाही, ट्रॅफिक नाही, भूक लागली तर खायला आहे, आणि जहाजावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते. फक्त ही मोकळीक फोनच्या भरवशावर देता येत नाही. ती ठरलेल्या वेळेच्या आणि ठरलेल्या जागेच्या भरवशावर द्यावी लागते. पुढच्या बहुतेक चुका हे न ठरवल्यामुळेच होतात.

फोन चालेल असं धरून चालणं

किनारा मागे पडला की जमिनीवरचं नेटवर्क संपतं. मग अनेक जहाजांवर उपग्रहावरून चालणारं वेगळं मोबाईल नेटवर्क सुरू होतं. रोमिंग चालू असेल तर फोन ते आपोआप पकडतो आणि बिल भलतंच येतं. म्हणून जहाज सुटण्याआधी घरातले सगळे फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि त्यातच फक्त वाय-फाय चालू ठेवा. बऱ्याच कंपन्यांच्या अॅपमध्ये जहाजापुरतं चॅट असतं. काही ठिकाणी ते मोफत असतं, काही ठिकाणी त्याचे पैसे पडतात. अॅप घरीच डाउनलोड करा आणि जहाजावर चढल्या-चढल्या एकमेकांना मेसेज पाठवून पाहा. लोखंडी भिंतींमुळे काही कोपऱ्यांत वाय-फायसुद्धा पोचत नाही, तेव्हा चॅट ही सोय समजा, आधार समजू नका.

आधार कागदाचा ठेवा. बहुतेक जहाजांवर केबिनच्या भिंती धातूच्या असतात, त्यांना चुंबक चिकटतो. घरच्या फ्रिजवरचे दोन चुंबक आणि एक छोटी वही सोबत घ्या. केबिनमधून बाहेर पडणाऱ्याने तीन गोष्टी लिहायच्या: कुठे, कोणासोबत, कितीला परत. बेत बदलला तर आधी केबिनमध्ये येऊन नोंद बदलायची, नाहीतर जहाजावरच्या कुठल्याही फोनवरून केबिनचा नंबर फिरवून सांगायचं. जहाजातल्या जहाजात असे फोन मोफत असतात.

दिवसात तीन भेटी ठरवा. दुपारी १ वाजता जेवायला, संध्याकाळी साडेसहाला केबिनमध्ये आणि रात्री साडेदहाला मुक्कामी. पंधरा मिनिटं इकडेतिकडे चालेल, त्यापुढे नाही. जागा सांगताना "पूलजवळ" म्हणू नका, जहाजावर स्विमिंग पूल दोन-तीन असतात. डेकचा नंबर आणि पुढची, मधली की मागची बाजू, असं सांगा. केबिन नंबरचे सुरुवातीचे आकडे सहसा डेकचेच असतात, एवढं मुलांना कळलं तरी पहिल्या दिवशीची अर्धी भटकंती वाचते.

याची तालीम नागपुरातच करा. रविवारी संध्याकाळी बर्डीवर जा, मुलांचे फोन स्वतःजवळ ठेवा, त्यांच्या हातात घड्याळ आणि दोनशे रुपये द्या आणि दीड तासाने व्हरायटी चौकात कुठल्या कोपऱ्यावर भेटायचं ते नेमकं सांगा. दोन रविवार हे जमलं तर जहाजावर अडचण येत नाही. मूल अर्धा तास उशिरा आलं तर ते कशामुळे, हे घरीच कळतं. जागा नीट ऐकली नव्हती, की वेळेचा अंदाज चुकला? दोन्हींवर उपाय वेगळा आहे.

फोनच्या घड्याळावर विसंबणं

ही चूक मोठ्यांकडूनही होते. सिंगापूरहून निघून फुकेतला जाणारी क्रूझ घ्या. जहाजावर बहुधा सिंगापूरचीच वेळ चालते. ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तर थायलंडची वेळ दीड तास पुढे. फुकेतला उतरून सिम चालू केलं की फोन स्वतःहून थायलंडची वेळ धरतो आणि जहाजाच्या घड्याळापेक्षा एक तास मागे पडतो. "साडेचारला परत" हे मुलानं फोन पाहून पाळलं, तर जहाजावर तेव्हा साडेपाच वाजलेले असतात.

उपाय दीडशे-दोनशे रुपयांचा आहे. साधं मनगटी घड्याळ घ्या, पहिल्या दिवशी जहाजाच्या वेळेला लावा आणि जहाजाने वेळ बदलल्याचं जाहीर केल्याशिवाय त्याला हात लावू नका. रोज केबिनमध्ये येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत परत चढण्याची शेवटची वेळ आणि त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. बंदरावर उतरण्याआधी मुलांना त्याचा फोटो काढायला लावा. अठरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय बंदरावर उतरू न देणं हाच बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. किनाऱ्यावरची मोकळीक म्हणजे तुमच्याच बाजारात, तुमच्यापासून दोन दुकानं पुढे, एवढीच ठेवा.

मस्टर ड्रिल उरकून टाकणं

आणीबाणीत कुठे जमायचं ते दाखवणारी ही कवायत. आता ती बऱ्याच ठिकाणी अॅपवर व्हिडिओ पाहून आणि मग आपल्या मस्टर स्टेशनला जाऊन हजेरी लावून होते. त्यामुळे बाबा सगळ्यांची केबिनची कार्डं घेऊन एकटेच जाऊन येतात असंही घडतं. असं अजिबात करू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा काँकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घेणं बंधनकारक झालं.

मुलांकडून तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. पहिली, सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. दुसरी, मस्टर स्टेशनचा नंबर कार्डावर असतो, तो पाठ हवा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि आपल्याकडच्या आईबापांना ती पचायला जड जाते: कोणीही कोणाला शोधायला जायचं नाही. मुलानं थेट मस्टर स्टेशन गाठायचं, तुम्हीही तेच करायचं, भेट तिथेच. जिन्यांवरून हजारो लोक एका दिशेनं उतरत असताना कोणी केबिनकडे उलटं निघालं तर ते स्वतः अडकतं आणि इतरांनाही अडकवतं. शिवाय लिफ्ट वापरायची नाही. दोन केबिन घेतल्या असतील तर दोन्हींचं स्टेशन एकच आहे ना, हे कार्डांवर पाहा. वेगळं असेल तर रिसेप्शनवर लगेच सांगा. मूल टीन क्लबमध्ये, म्हणजे जहाजावरच्या किशोरवयीन मुलांच्या क्लबमध्ये, असताना भोंगा झाला तर तिथले कर्मचारी त्याला कुठे नेतात, तेही पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

कठड्याची सवय

फुटाळ्याच्या कठड्यावर बसून भुट्टा खाण्यात नागपूरच्या मुलांना काही वावगं वाटत नाही. हीच सवय जहाजाच्या बाल्कनीत जीवघेणी ठरते. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजांना तिथल्या २०१० च्या कायद्यानं कठडा किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर उंच लागतो. उभ्या माणसाला तो पुरतो. पण सेल्फीसाठी कोणी खुर्चीवर चढलं की तोच कठडा गुडघ्याशी येतो. बाल्कनीतली खुर्ची कठड्यापासून लांब, दाराला टेकवून ठेवा. कठड्यावर बसणं, चढणं, वाकून शेजारच्या बाल्कनीत डोकावणं, यावर चर्चा नको.

२० नॉट वेगानं जाणारं जहाज मिनिटाला सुमारे ६०० मीटर पुढे सरकतं. म्हणून कोणी पाण्यात पडलं तर मुलांना काय करायचं ते माहीत हवं. "माणूस पाण्यात पडला" असं जोरात ओरडायचं, जवळचं लाइफबॉय, म्हणजे तरंगणारं गोल कडं, फेकायचं, त्या माणसाकडे बोट दाखवत राहायचं आणि नजर हटवायची नाही. बाकीच्यांनी कर्मचाऱ्यांना कळवायचं. मागून उडी कोणीही मारायची नाही.

बाल्कनीचं आणि केबिनचं दार एकदम उघडलं तर वाऱ्यानं जड दार धाडकन आपटतं आणि बोटं चेंगरतात. एक लागल्यावरच दुसरं उघडायचं. पूलजवळ जीवरक्षक सगळ्याच जहाजांवर नसतो, आणि समुद्र हलत असेल तेव्हा पूलमधलं पाणीही कडेवर आदळतं. अशा वेळी चांगलं पोहता येणाऱ्यानंही बाहेर थांबावं.

टीन क्लबची पहिली संध्याकाळ चुकवणं

रात्रभर विदर्भ एक्सप्रेसनं प्रवास करून सकाळी मुंबईत उतरायचं आणि त्याच दुपारी बॅलार्ड पिअरला जहाज गाठायचं, असा बेत अनेक जण आखतात. गाडी उशिरा आली तर जहाज थांबत नाही. वेळेवर आली तरी थकलेली मुलं संध्याकाळी केबिनमध्ये झोपून राहतात आणि टीन क्लबची ओळखीची सभा हुकते. मुलांचे कंपू त्याच संध्याकाळी जमतात. दुसऱ्या दिवशी गेलेला मुलगा दारातून परत येतो आणि मग एकटाच डेकवर हिंडतो. तुम्हाला काळजी असते ती नेमकी याचीच. म्हणून मुंबईला एक दिवस आधी पोचा.

बऱ्याच जहाजांवर १२ ते १४ आणि १५ ते १७ असे गट असतात. भावा-बहिणीनं एकत्रच राहावं असा हट्ट धरू नका, वयाच्या गटात कर्मचारी सहसा सवलत देत नाहीत. लहान मुलांच्या क्लबमध्ये आईबाबांना सही करून मूल न्यावं लागतं, टीन क्लबमध्ये मुलं आपली आपण येतात-जातात. "क्लबमध्ये आहे" याचा अर्थ "कोणाच्या तरी नजरेखाली आहे" असा होत नाही, हे लक्षात ठेवा. रात्री किती वाजल्यानंतर मुलांना एकटं बाहेर राहू देत नाहीत, तेही तिथेच विचारा. काही कंपन्यांत ही मर्यादा रात्री १ ची आहे. आपल्या घरची वेळ तिच्या बरीच आधीची असावी.

अवघड विषय टाळणं

अमेरिकेचं परिवहन खातं तिथल्या कायद्याखाली जहाजांवरच्या गंभीर गुन्ह्यांचे आकडे दर तिमाहीला जाहीर करतं, आणि त्यांत लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी सातत्यानं सर्वाधिक असतात. मुलगा असो की मुलगी, दोघांशीही हे निघण्याआधी स्पष्ट बोला. कोणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही आणि कोणाला आपल्या केबिनमध्ये आणायचं नाही, मग तो मित्र असो वा कर्मचारी. कर्मचारी कितीही प्रेमळ असला तरी प्रवाशाशी खासगीत भेटायची त्याला मुभा नसते. कोणी तसं बोलावलं तर ते तुम्हाला सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. ग्लास नजरेआड झाला तर त्यातलं पुन्हा प्यायचं नाही. केबिन नंबर कोणाला सांगायचा नाही आणि कार्डावरही लिहायचा नाही.

काही विपरीत घडलंच तर आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, चादर हलवू नका. केबिनच्या फोनवर छापलेल्या आणीबाणीच्या नंबरवर सुरक्षा विभागाला बोलवा, जहाजाच्या दवाखान्यात तपासणी करून घ्या आणि सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवायची मागणी लेखी द्या. भारतात परतल्यावर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

कार्डाचा खर्च

केबिनची किल्ली असलेलं कार्ड जहाजावर पाकीटही असतं. व्हिडिओ गेमच्या खोलीत ते नुसतं टेकवलं तरी डॉलरमध्ये पैसे जातात आणि मुलाला त्याचा पत्ता लागत नाही. पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर जाऊन मुलाच्या कार्डावर रोजची मर्यादा घालून घ्या किंवा खर्च बंदच करा. रोज संध्याकाळी हिशेब त्यालाच पाहायला लावा. कार्ड हरवलं तर रागावण्याआधी ते बंद करून घ्या.

समुद्र लागणं

औषध मळमळ सुरू झाल्यावर घेतलं तर फारसा उपयोग होत नाही, ते आधी घ्यावं लागतं. कोणतं आणि किती, ते मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून नागपुरातच लिहून आणा. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्या दिवशी पोहणं नको. मधल्या, खालच्या डेकवर हेलकावे कमी जाणवतात. जुलाब-उलटीची साथ टाळायला सॅनिटायझर पुरत नाही, जेवणाआधी साबणानंच हात धुवायचे.

ठरल्या वेळी मूल आलं नाही तर

पंधरा मिनिटं थांबा. मग एकानं केबिनमध्येच राहायचं, कारण बहुतेक वेळा मूल तिथेच येतं. दुसऱ्यानं वहीतली नोंद पाहून शेवटच्या ठिकाणी आणि तिथून टीन क्लबमध्ये जायचं. तीस मिनिटं झाली की संकोच न करता रिसेप्शनवर सांगा. कार्ड शेवटचं कुठे टेकवलं आणि मूल बंदरावर उतरलंय का, हे तिथे दिसतं. त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो तुमच्या फोनमध्ये असावा, म्हणून रोज सकाळी एक काढून ठेवा. मूल सापडल्यावर फिरणं बंद करू नका, भेटींमधलं अंतर कमी करा. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी भेट ठेवा, आणि त्या सगळ्या वेळेवर पाळल्या की संध्याकाळपासून पुन्हा आधीचं वेळापत्रक चालू करा.